शुद्धीचा पुरावा

महाबळेश्वराच्या माथ्यावरून उतरणारी सावित्री पोलादपुराच्या खोऱ्यांतून महाडास येते, आणि एखाद्या पावसाळ्यांत ती गांवच्या पेठेंतूनच वाहूं लागते. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत, २२ तारखेस, ती अशीच आली. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथें डोंगरानें असेच बळी घेतले. पाणी ओसरलें तेव्हां घरोघर चिखल उरला. अशा चिखलांत पत्र्यानें वा कांचेनें पाय कापलेल्या मनुष्यास वैद्य प्रथम धनुर्वाताची लस टोंचतो. कागद आणि प्लास्टिक यांचें एक लहानसें पाकीट तो फाडतो, त्यांतून पिचकारी काढतो व सुई दंडांत घालतो. भोंवतीं स्वच्छ म्हणावी अशी वीतभर जागा नसते, आणि तरीहि त्या पाकिटाच्या आंत सर्व तालुक्यांत अन्यत्र नसेल अशी शुद्धता नांदते आहे, असें रोगी आणि वैद्य दोघेहि धरून चालतात.

हा विश्वास कशाच्या आधारावर उभा आहे? अशा पाकिटावर बारीक ठशाची एक चौकट असते व तींत 'स्टराइल', म्हणजे निर्जंतुक, असा इंग्रजी शब्द छापलेला असतो. कांहीं पाकिटांवर त्या शब्दाशेजारीं 'आर' हें अक्षर असतें. हा जिन्नस किरणांच्या योगें निर्जंतुक केला आहे, इतकाच त्या अक्षराचा अर्थ. परंतु जंतु डोळ्यांस दिसत नाहींत, आणि किरणहि दिसत नाहींत. एका अदृश्य वस्तूनें दुसऱ्या अदृश्य वस्तूचा नाश केला, ही गोष्ट कोणी पाहिली आणि तिची साक्ष कोणी दिली? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. त्याचें उत्तर मिळविण्यास माणसांचे बळी पडले आहेत, आणि त्यांतील एक प्रकरण मुंबईच्या परळ भागांतूनच सुरू झालेलें आहे.

महाडांत बसून या प्रश्नाचा विचार करणारास चवदार तळ्याची आठवण टाळतां येत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या सहस्रावधि अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. तळें नगरपालिकेचें होतें, आणि तें अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुलें असल्याचा ठराव तिनें पूर्वींच केलेला होता. तथापि दुसऱ्या दिवशीं सनातनी मंडळींनीं तळें बाटलें असें ठरवून त्याची 'शुद्धि' केली. एकशें आठ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध व दहीं यांच्या मिश्रणासह तें मंत्रघोषांत तळ्यांत ओतण्यांत आलें. या शुद्धीनें पाण्यांतील काय गेलें आणि काय आलें, हें कोणी पाहिलें नाहीं. पाहण्याची गरजहि कोणास वाटली नाहीं. जी शुद्धि केवळ घोषणेनें सिद्ध होते, तिला पुराव्याची अपेक्षा नसते. निर्जंतुकतेचा इतिहास हा याच्या अगदीं उलट दिशेनें झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. आपण शुद्ध केलेल्या वस्तूवर अविश्वास ठेवावयास मनुष्य कसा शिकला, त्याची ती कथा आहे.

या कथेचा प्रारंभ १८९६ सालापासून करणें सोयीचें आहे. त्या वर्षीं दोन घटना घडल्या. पॅरिस येथें आंरी बेकरेल यास युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण बाहेर पडतात असें आढळलें. आणि मुंबईत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. प्लेगच्या पाठोपाठ मुंबईस वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ आला. ओडेसा येथें जन्मलेला हा यहुदी गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करून पटकीची लस घेऊन हिंदुस्थानांत आलेला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलींत त्यानें प्लेगच्या जंतूंची लागवड मांसरसांत केली. रसाच्या पृष्ठभागावर त्यानें तूप पसरलें होतें, आणि त्या तुपाच्या कणांस धरून जंतूंचे झुबके खालीं लोंबत वाढत. नंतर उष्णता देऊन ते मारावयाचे, वर थोडें कार्बोलिक ॲसिड घालावयाचें, आणि मेलेल्या जंतूंची ही लस टोंचावयाची. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनांत गेली, आणि तेथून लक्षावधि मात्रा देशभर जाऊं लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या खेड्यांत १०७ जणांस ही लस टोंचण्यांत आली. कांहीं दिवसांनीं त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. एकोणीसहि जणांची लस एकाच बाटलींतील होती. तिचा क्रमांक ५३-एन. इतर बाट्यांतील लस घेतलेल्यांस कांहींच झालें नाहीं. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली आणि बाटली प्रयोगशाळेंतच दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला. लस जलद तयार व्हावी म्हणून हाफकिन यानें कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हें त्याच्या विरुद्ध गेलें. त्याचें पद गेलें. परंतु पुढें तज्ज्ञांनीं कागदपत्र तपासले तेव्हां निराळी हकीकत दिसूं लागली. बाटली उघडण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता खळबळून वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडतांना डॉक्टरानें तिचा वास घेतला होता व त्यास दुर्गंध आला नव्हता. धनुर्वाताचे जंतु जर आंत कित्येक दिवस वाढत असते, तर दुर्गंध आल्याखेरीज राहता ना. हिंवतापाच्या संशोधनाबद्दल ख्याति पावलेले रोनाल्ड रॉस व अन्य जंतुशास्त्रज्ञ यांनीं १९०७ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत हाफकिनची बाजू मांडली, आणि शेवटीं त्याच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेस त्याचें नांव देण्यांत आलें.

या प्रकरणांत हाफकिन निर्दोष ठरला, एवढ्यावर बहुतेक लेखक थांबतात. प्रस्तुत लेखकास त्यांत दुसरीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. एकोणीस माणसें मेल्यावर, देशांतील श्रेष्ठ न्यायाधीश आणि विलायतेंतील श्रेष्ठ पंडित यांस, ती बाटली भरतांना शुद्ध होती कीं नव्हती, हें नि:संशय सांगण्यास पांच वर्षें लागलीं. आणि तेंहि वासाच्या आठवणीवरून व खालीं पडलेल्या चिमट्यावरून! बाटली शुद्ध असल्याचा पुरावा बाटलीपाशीं नव्हता. जो होता तो माणसाच्या स्मरणांत होता.

धनुर्वाताचा जंतु हा या शास्त्राचा जुना वैरी आहे. तो मातींत असतो, गुरांच्या व घोड्यांच्या शेणांत असतो. प्रतिकूल काळ आला म्हणजे तो स्वतःभोवतीं कठीण कवच करून बीजाणुरूपानें वर्षानुवर्षें पडून राहतो, आणि अशा स्थितींत साधें उकळतें पाणीहि त्यास हमखास मारूं शकत नाहीं. ज्या शेणास आपल्या समाजानें शुद्धीचें साधन मानलें, ज्यानें भुई सारवली, आणि ज्याचा लेप कोठें कोठें नवजात अर्भकाच्या नाळेवर लावला गेला, त्यांतच हा जंतु दडलेला असतो. येथें कोणाच्या श्रद्धेस हिणवण्याचा हेतु नाहीं. डोळ्यांस जें स्वच्छ दिसतें आणि मनास जें पवित्र वाटतें, त्याहून निर्जंतुक ही तिसरीच अवस्था आहे, एवढेंच सांगावयाचें आहे.

या अवस्थेस पोहोंचण्याचा राजमार्ग म्हणजे दाबाखालील वाफ. ऑटोक्लेव्ह नामक भांड्यांत १२१ अंश तपमानाची वाफ पंधरा मिनिटें खेळविली म्हणजे बीजाणूहि मरतात. शस्त्रें, कापूस, क्षारांचें द्रावण यांस ही रीति उत्तम. परंतु पेनिसिलिनसारखें औषध त्या उष्णतेनें निकामी होतें, डोळ्यांत घालावयाच्या मलमाच्या तेलकट गाभ्यांत वाफ शिरत नाहीं, आणि पुष्कळशा प्लास्टिकच्या वस्तु वितळून वेड्यावांकड्या होतात. दुसरा मार्ग इथिलीन ऑक्साइड या वायूचा. हा वायु जंतूंप्रमाणें माणसासहि घातक असून कर्करोगास कारण होतो. म्हणून तो वस्तूंतून पूर्णपणें निघून गेला कीं नाहीं ही काळजी मागें उरते. द्रव औषध अतिसूक्ष्म गाळणींतून गाळतां येतें, पण मग गाळल्यानंतर कुपी भरून बंद होईपर्यंत प्रत्येक क्षण जपावा लागतो. आणि चिमटा जमिनीवर पडण्याचा संभव प्रत्येक क्षणीं असतो. कुपी बंद करून, पाकीट चिकटवून, पेटीस पट्टी मारून झाल्यावर, कांहींहि न उघडतां आंतील जंतु मारतां येतील असें साधन हवें होतें. बेकरेलच्या शोधाची फलश्रुति येथें उपयोगीं पडली.

१९०० सालीं पॉल व्हिलार यास या किरणांत एक अत्यंत भेदक प्रकार आढळला, त्यास पुढें गामा हें नांव मिळालें. किरणांनीं जंतु मरतात हें ज्ञान तसें जुनेंच. परंतु मुबलक व स्वस्त किरण मिळण्यास अणुभट्टीची वाट पाहावी लागली. साधें कोबाल्ट भट्टींत ठेवलें म्हणजे त्याच्या अणूंचें केंद्र एक न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० बनतें. हें द्रव्य अखंड गामाकिरण ओततें आणि त्याचें तेज सव्वापांच वर्षांनीं निम्मे होतें. १९६० सालीं ऑस्ट्रेलियांत डँडेनाँग येथें या द्रव्याचा पहिला व्यापारी कारखाना निघाला. त्याचें काम औषधें शुद्ध करण्याचें नव्हतें. गालिच्यासाठीं आणलेल्या बकऱ्यांच्या केसांत काळपुळीचे बीजाणु असत, ते मारण्याचें होतें. शल्यवैद्यांचे टांक्यांचे दोरे व पिचकाऱ्या यांसहि हीच युक्ति लागू पडते, हें लवकरच सर्वत्र मान्य झालें.

आपल्याकडे ट्रॉम्बे येथें 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं चालूं झाली. त्यानंतर अठरा वर्षांनीं, १९७४ सालीं, त्याच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें 'आयसोमेड' हें किरणोपचार केंद्र उभारलें. वैद्यकीय वस्तु व्यापारी प्रमाणावर गामाकिरणांनीं निर्जंतुक करणारें हें हिंदुस्थानांतील पहिलें केंद्र. परळची हाफकिन संस्था आणि ट्रॉम्बे ही दोन्ही स्थळें एकाच मुंबई बेटाच्या परिसरांतील; परंतु त्यांमधलें अंतर कापण्यास मुल्कोवालपासून मोजल्यास बहात्तर वर्षें लागलीं.

अशा केंद्राची रचना सांगण्यास सोपी आहे. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या कोठडींत एक खोल हौद असतो. कोबाल्ट भरलेल्या पोलादी कांड्यांची चौकट एरवीं त्या पाण्यांत बुडवून ठेवतात. पाणी किरणांस अडवितें व त्यांत निळसर प्रभा दिसते. काम चालू करावयाचें झालें म्हणजे माणसें बाहेर काढून, दारें बंद करून, ती चौकट वर उचलतात. मालाच्या पेट्या फिरत्या साखळीवरून तिच्या भोंवतीं प्रदक्षिणा घालतात आणि दोन्ही अंगांनीं किरण घेऊन बाहेर पडतात. प्रत्येक पेटीवर एक पिवळी टिकली असते, ती किरण लागल्यावर तांबडी होते. तांबडी टिकली म्हणजे 'ही पेटी आंत जाऊन आली' एवढीच खूण. किती किरण लागले हें ती सांगत नाहीं. तें मोजण्यास पेट्यांत ठिकठिकाणीं निराळीं मापकें ठेवावीं लागतात. औषध स्वतः किरणोत्सारी होत नाहीं. कोबाल्टच्या गामाकिरणांची शक्ति १·१७ व १·३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि साध्या वस्तूंतील अणूंचें केंद्र ढवळून काढण्यास ती पुरत नाहीं. दिव्याच्या उजेडांतून नेलेली वस्तु जशी पुढें प्रकाशत नाहीं, तसेंच हें आहे.

आतां मात्रेचा हिशेब पाहूं. एक किलो वस्तूनें एक ज्यूल शक्ति शोषली म्हणजे एक ग्रे ही मात्रा झाली. निर्जंतुकीकरणाची रूढ मात्रा २५ हजार ग्रे. ऐकण्यास ही संख्या अचाट वाटते; परंतु एवढ्या शक्तीनें एक किलो पाणी जेमतेम सहा अंश तापेल! चहाचें पाणी कोमटहि होणार नाहीं इतक्या शक्तीनें उकळत्या पाण्यास न भिणारा बीजाणु मरतो. आणि माणूस? सर्व शरीरास चार-पांच ग्रे पोहोंचले तरी उपचारावांचून तो बहुधा दगावतो. म्हणूनच त्या भिंती, तो हौद आणि तीं बंद दारें.

याचें कारण असें कीं उष्णता जशी सर्व रेणूंत वांटली जाते तसा किरणांचा आघात वांटला जात नाहीं. तो एखाद्या जागीं केंद्रित होऊन रेणूचा बंध तोडतो. जंतूच्या वंशसूत्राचा रेणु प्रचंड लांब असतो, आणि तो मोठा म्हणूनच घाव बसण्याचा संभव मोठा. औषधाचा रेणु त्यामानानें अगदीं लहान, म्हणून तो बहुधा वांचतो. ज्या मात्रेनें दर दहा जंतूंपैकीं नऊ मरतात तिला एक पायरी म्हणूं. चिवट बीजाणूंच्या बाबतींत ही पायरी साधारणपणें दीड ते दोन हजार ग्रेची असते. हजार बीजाणु असले तर पहिल्या पायरीनंतर शंभर उरतील, दुसऱ्या पायरीनंतर दहा, तिसऱ्यानंतर एक. आणि चौथ्या पायरीनंतर? एकदशांश बीजाणु असूं शकत नाहीं. म्हणून त्याचा अर्थ असा कीं दहा पाकिटांपैकीं एकांत एक जिवंत बीजाणु सांपडेल. अशा रीतीनें नऊ पायऱ्या उतरल्यावर दहा लक्ष पाकिटांमागें एक ही मर्यादा येते, आणि निर्जंतुक या शब्दाचा आज मान्य झालेला अर्थ तोच आहे. शून्य कधींच येत नाहीं. शून्याचें वचन देणारा मनुष्य एकतर अज्ञानी असला पाहिजे किंवा लबाड.

'मग तयार झालेला माल तपासून कां पाहूं नये?' असें वाचक विचारतील. तोहि हिशेब करून पाहावा. एका घाण्यांतील वीस कुप्या उघडून तपासल्या आणि त्या घाण्यांत शंभरांस एक कुपी दूषित असली, तर वीसच्या वीस स्वच्छ निघण्याचा संभव शेंकडा ८२ आहे. म्हणजे पांचांतून चार वेळां असा दूषित माल परीक्षेंत उत्तीर्ण होईल. आणि तपासलेली कुपी तर उघडल्यामुळें वायांच जाते. एतावता निर्जंतुकता ही वस्तूंत शोधून सांपडत नाहीं. ती वस्तु ज्या कृतींतून गेली त्या कृतींत शोधावी लागते: आरंभीं जंतु किती होते, पेटींतील सर्वांत दूरच्या कोपऱ्यास किती मात्रा पोहोंचली, आणि त्या दिवशीं त्याची नोंद कोणी केली. मुल्कोवालच्या बाटलीपाशीं जी साक्ष नव्हती ती हीच.

परंतु किरणांची बाजू येथवर सांगून थांबणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. जो आघात जंतूस मारतो तोच औषधासहि बसतो. किती बसतो तें पाहूं. शोषलेल्या शक्तीच्या दर शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्टांमागें औषधाचे तीन रेणु मोडतात असें धरलें, तर मध्यम आकाराच्या रेणूच्या कोरड्या भुकटीचा २५ हजार ग्रे मात्रेनें शेंकडा पाव भाग नासेल. ही हानि सोसण्यासारखी दिसते. तेंच औषध पाण्यांत एक शतांश प्रमाणांत विरघळविलें तर चित्र पालटतें. किरण तेथें मुख्यतः पाण्याच्या रेणूंवर आदळतात, त्यांचे तुकडे होतात, आणि हे उतावीळ तुकडे, ज्यांस शास्त्रज्ञ मूलक म्हणतात, हिंडत हिंडत औषधाच्या रेणूस गांठतात. त्याच मात्रेंत निर्माण होणारे मूलक त्यांतील चतुर्थांश औषधाचा फडशा पाडण्यास पुरे होतील; द्रावण दहापट पातळ असल्यास बहुधा कांहींच उरणार नाहीं. म्हणूनच कोरडीं प्रतिजैविकें, भुकट्या व निर्जल मलमें यांस ही रीति मानवते. पाण्यांतील द्रावणें, इन्शुलिनसारखीं प्रथिनें यांस बहुधा मानवत नाहीं.

शिवाय पाव टक्का नासला म्हणजे काय झालें, हाहि प्रश्न उरतोच. नाहींसें झालेलें औषध कशाचें तरी दुसरें रूप घेऊन तेथेंच असतें. तें रूप निरुपद्रवी आहे कीं विषारी, उष्णतेनें होणाऱ्या बिघाडासारखेंच आहे कीं अगदीं नवें, हें प्रत्येक औषधापुरतें निराळें पाहावें लागतें. वर्णलेखनाच्या साधनांनीं एकेक अंश वेगळा काढून ओळखतात. घन भुकटींत अडकून राहिलेले मूलक चुंबकीय अनुनादानें मोजतात. आणि किरण दिलेली कुपी महिनोन्महिने ठेवून तिचें वीर्य उतरतें काय तें पाहतात. कांहीं पांढऱ्या प्रतिजैविकांस पिवळी छटा येते, साधी कांच तपकिरी पडते, कांहीं प्लास्टिकें ठिसूळ होतात. ट्रॉम्बे येथील एन. जी. एस. गोपाल यांनीं औषधें व प्लास्टिकें यांवरील अशा परिणामांचा विस्तृत आढावा १९७८ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९८८ सालीं सहकाऱ्यांसह या कामाची मार्गदर्शिका लिहिली. केंद्र उभारून स्वस्थ न बसतां, आपलें साधन कोठें चालत नाहीं याची यादी त्याच संस्थेंतील लोकांनीं करावी, ही गोष्ट आम्हांस त्या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

किरणांच्या मर्यादेचा आणखी एक प्रकार आहे. किरण जंतु मारतात, पण त्यांचीं मढीं उचलून नेत नाहींत. कांहीं जंतूंच्या कवचांत ज्वर आणणारीं द्रव्यें असतात आणि तीं या मात्रेनें हमखास नष्ट होत नाहींत. म्हणजे गलिच्छ जागेंत, गढूळ पाण्यानें बनविलेलें औषध किरणांखालून नेलें म्हणून शुद्ध होणार नाहीं. त्यांतील सर्व जंतु मेले तरी तें टोंचलेल्या रोग्यास हुडहुडी भरेल. कारखान्यांतील केरसुणी, हात धुण्याचें पाणी आणि कामगाराची टोपी यांचें काम कोबाल्ट करीत नाहीं. शेवटीं एक संस्कार केला म्हणजे मागचें सर्व धुऊन निघतें, ही समजूत आपल्या रक्तांत फार खोल मुरलेली आहे. विज्ञानाची भाषा बोलतांनाहि ती हळूच डोकें वर काढते. आणि तेव्हां त्या तांबड्या टिकलीचा उपयोग आपण गंधाच्या टिळ्यासारखा करूं लागतों.

महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ मुलखास या सर्वांचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल. महाडाजवळ बिरवाडीच्या बाजूस रासायनिक द्रव्यांची व औषधांची औद्योगिक वसाहत आहे. परंतु त्याहून जवळचा संबंध वाडीवस्तीवरील बाळंतिणीशीं आहे. जेथें दवाखाना घाटापलीकडे आणि ओढा भरलेला, तेथें नाळ कापण्याचें पातें व बांधण्याचा दोरा सुईण जो आणील तो. नवजात अर्भकांचा धनुर्वात हा अशा पात्यांतून, मातींतून आणि शेणाच्या लेपांतून येत असे. ट्रॉम्बेच्या केंद्रांत पिचकाऱ्या, कापूस व टांक्यांचे दोरे यांबरोबर सुइणींसाठीं प्रसूतिसाहित्याचे लहान संचहि निर्जंतुक करण्यांत आले आहेत. बंद पाकीट डोंगर चढून, पावसांत भिजून, महिन्यांनीं उघडलें तरी तें न फाटल्यास आंतील पातें तसेंच शुद्ध राहतें, हा त्याचा गुण. २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. त्याचें मुख्य श्रेय गर्भवतींस दिलेल्या लशीचें, दवाखान्यांतील बाळंतपणांचें आणि पायीं हिंडणाऱ्या परिचारिकांचें आहे. निर्जंतुक पात्याचा व दोऱ्याचा वांटा त्यांत लहान, पण खरा आहे. मुल्कोवालांत एकोणीस जीव घेणाऱ्या जंतूस या रीतीनें माणसाच्या दाराशीं थोपविण्यांत आलें. तो नाहींसा मात्र झालेला नाहीं. सावित्रीच्या पुरानें पेठेंत आणून टाकलेल्या चिखलांत तो होता, पुढेंहि असेल.

चवदार तळ्याचा खटला पुढें दहा वर्षें चालला. हें तळें फक्त सवर्णांनीं वापरावें अशी अनादि कालापासून रूढि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. खालच्या कोर्टांतून तें प्रकरण मुंबई हायकोर्टांत गेलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं निकाल झाला: अशी रूढि अनादि कालापासून असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. न्यायाधीशांनीं तळ्याचें पाणी तपासलें नाहीं, तें त्यांचें कामहि नव्हतें. त्यांनीं एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे पुरावा. आणि ती मागतांच घोषणेवर उभी असलेली शुद्धि कोसळून पडली.

पुरांतून उठून बसलेल्या मनुष्याच्या दंडांत जी सुई शिरते, तिच्या बाबतींतहि हाच प्रश्न विचारण्याचा त्यास अधिकार आहे. 'आर' या अक्षरामागें त्या पेटीची मात्रा मोजलेली असली, ती मोजणाराची नोंद खरी असली, आणि औषधास काय इजा झाली हें कोणी प्रामाणिकपणें पाहिलेलें असलें, तर तें अक्षर म्हणजे साक्ष आहे. यांपैकीं एक जरी गोष्ट नसली, तर तें अक्षर म्हणजे तळ्यांत ओतलेल्या एकशें आठ घागरींपैकीं एक घागर होय.